कणाद आणि आधुनिक अणु

पश्चिमेकडून नवा शोध आला कीं ‘हें आमच्या ऋषींस ठाऊकच होतें’ असें म्हणण्याची खोड आमच्या सुशिक्षितांस जडली आहे. अणूच्या बाबतींत कणादांस पुढें केलें जातें. कणादांच्या तर्कबुद्धीविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. परंतु वैशेषिकांचा परमाणु निरवयव व नित्य, म्हणजे न फुटणारा. आजचा अणु फुटतो. १९३८ सालीं हान व स्ट्रासमान यांनीं युरेनियमचा फोडलाही. मग साम्य उरलें कोठें?

डाल्टननें १८०८ च्या ग्रंथांत अणूंचीं सापेक्ष वजनें मांडलीं. थॉमसननें १८९७ सालीं अणूहून लहान इलेक्ट्रॉन दाखविला. ओस्टवाल्ड अणूंचें अस्तित्वच नाकारीत असे. पण पेरँच्या प्रयोगांनंतर, १९०९ सालीं, स्वतःच्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें माघार घेतली. १९११ सालीं रदरफोर्डनें आपल्या गुरूची, थॉमसनची, अणुकल्पना मोडीत काढली. आणि त्यास कोणी गुरुद्रोह म्हटलें नाहीं!

आमच्याकडेही परमाणूचें खंडनमंडन पुष्कळ झालें. पण तें तर्कानें, प्रयोगानें नव्हे. उणीव होती ती येथें. कणादांचा अभिमान खरा असेल, तर त्यांच्या नांवाचा जयघोष पुरे. मुलांच्या हातीं तराजू द्यावा, आणि तो आमच्या विरुद्ध झुकला तरी मान्य करावा.