बापाची रजा आणि बापांचे गट

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा तरुण कामगार बाप होतो तेव्हा काय घडते? पहिले बाळंतपण माहेरी, या रूढीने बायको खानदेशातल्या किंवा मराठवाड्यातल्या आपल्या गावी गेलेली असते. हा बारशाला झबले-टोपडे घेऊन पाहुण्यासारखा जातो व दुसऱ्या दिवशी पाळीवर हजर होतो. काही महिन्यांनी मायलेकरे त्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडी येतात. तेथे ना आजी, ना आत्या. मूल रात्रभर रडते, आई अबोल होत जाते आणि याला त्याविषयी कोणाशी बोलावे हे कळत नाही. चहाच्या टपरीवर विषय काढलाच तर थट्टा वाट्याला येते.

अशा बापांचे गट वस्तीवस्तीत बांधावेत असे मी म्हणतो, तेव्हा आपलेच काही साथी हसतात. हे मध्यमवर्गीय चोचले आहेत, असे त्यांचे म्हणणे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. ठेकेदाराच्या हजेरीपटावरील कामगाराचा मात्र खाडा होतो. २०१७ च्या कायदादुरुस्तीने आईची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, ५० कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे केले आणि दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आईला दिली. बापाचे नावही त्यात नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही उणीव तशीच ठेवली. परिणामी मूल म्हणजे बाईमाणसाला कामावर घेण्याचा खर्च, हा मालकाचा हिशेब अधिकच पक्का झाला. स्वीडनने १९७४ सालीच ही रजा आई-बाप दोघांची मानली होती.

परंतु दोष केवळ कायद्याच्या माथी मारून आपली सुटका नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शेकडा ८१, तर पुरुष अवघे २६ आढळले. त्या उरलेल्या ७४ जणांत आपले सभासद नाहीत काय? साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात लिहिली. त्या पुस्तकावर पोसलेल्या आपल्या पिढ्यांनी आईची थोरवी मनोभावे गायिली आणि आईचे काम मात्र आईवरच ठेवले. आपले पूर्णवेळ कार्यकर्ते शिबिरे घेत हिंडले ते कोणाच्या बळावर, हे त्यांच्या मुलांना विचारावे. (मी स्वतः विचारले आहे. उत्तर येथे छापण्याजोगे नाही.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुरुषांचे गट म्हणजे उद्या बायकांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांचे अड्डे होतील, अशी भीती स्त्री-कार्यकर्त्यांनी बोलून दाखविली. ती निराधार नाही. म्हणून गटाचा आरंभ गाऱ्हाण्यापासून नव्हे, कामापासून व्हावा. अंगणवाडी सेविकेला किंवा परिचारिकेला बोलावून बाळाला धरणे, आंघोळ घालणे शिकावे. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्याची लस बापाने स्वतः देऊन आणावी. बाळंतिणीचे खिन्न होणे हा तिचा स्वभाव नसून आजार असू शकतो, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. पुरुष स्त्रियांच्या बाजूने संघटित होऊ शकतात हे मुंबईत १९९३ साली स्थापन झालेल्या ‘मावा’ या संघटनेने दाखविले आहे. आपल्याला ते जमू नये असे काही नाही.

आणि मुख्य प्रश्न बुडणाऱ्या मजुरीचा. कामगाराला भिशी शिकवावी लागत नाही. दहा-बारा जणांनी दरमहा थोडे पैसे काढावेत आणि चिठ्ठी न टाकता ज्याच्या घरी बाळंतपण त्याला ती रक्कम द्यावी. तारीख तर महिनोन्‌महिने आधी ठाऊक असते! त्या पैशावर तो आठ दिवस घरी राहील. ठेकेदाराने तेवढ्यावरून त्याला काढले, तर गटाने दारात उभे राहावे. सवलतीची भिशी लढ्याची होते ती अशी.

भिशी हा मात्र तात्पुरता टेकू. येत्या वेतनकराराच्या मागणीपत्रात बापाच्या भरपगारी रजेचे कलम घालावे आणि कंत्राटी कामगारांनाही ते लागू राहील, हे वाक्य त्याच कलमात असावे. वाटाघाटींत सर्वांत आधी गळते ते नेमके तेच.