लोनीचा धूर आणि श्रमिकांची संतती

गाझियाबाद जिल्ह्यातील लोनी येथे दिल्लीने टाकून दिलेले संगणक फोडून आणि तारा जाळून तांबे काढण्याचा बेकायदा धंदा वर्षानुवर्षे चालत आला आहे. जळत्या वेष्टनांतून डायॉक्सिन निघते, सर्किटच्या डाखणातून शिसे. हे शिसे आईच्या रक्तातून वारेवाटे गर्भापर्यंत पोचते. गर्भपाताचा व अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो. पुरुषाचे शुक्राणूही त्यातून सुटत नाहीत. मूल न झाल्याचा दोष मात्र सुनेच्याच माथी!

यात अज्ञात असे काही नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांनी आपल्याला मुले होत नाहीत हे आपसांत बोलूनच ओळखले आणि तपासणी करवून घेतली. या रसायनाने उंदरांची वृषणे आक्रसतात, हे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. पुढे तेथे बंदीची पावले पडली, तरी माल मध्य अमेरिकेच्या केळीबागांत जातच राहिला.

लॅथ्रॉपला कामगार संघटना होती. लोनीत हजेरीपटही नाही. ई-कचरा मोडणाऱ्या कामगारांची नोंदणी आणि आरोग्याची वार्षिक देखरेख २०१६ च्या नियमांनी राज्याच्या कामगार खात्यावर सोपवली. पण बेकायदा भट्टीवरचा मजूर कागदावर कामगारच ठरत नाही. धाड पडते तेव्हा भट्टीला टाळे लागते आणि त्याची मजुरी बुडते. शिसे अंगात राहते ते राहतेच. या स्त्री-पुरुषांच्या रक्ताची मोफत तपासणी सरकारने तात्काळ सुरू करावी आणि तिचा खर्च यंत्रे विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करावा.