उशिराचा दंड

१९९२ साली बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा कुठे जव्हारच्या वावर-वांगणीचे नाव महाराष्ट्राला कळले. तिथल्या लेकराला शाळेस उशीर होतो तो डोंगरवाटेमुळे. छडीने वाट आखूड होते काय?

आणि आमची सुधारलेली वसई? नोव्हेंबर २०२५ मध्ये येथे उशिरा आलेल्या सहावीतल्या मुलीला १०० उठाबशांची शिक्षा झाली. काही दिवसांत ती गेली. शिक्षेनेच गेली, असा घरच्यांचा आरोप. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ अशा शिक्षेस मनाई करते. संत डॉन बॉस्को यांनी तर १८७७ मध्येच दंडाऐवजी ममतेचा मार्ग लिहून ठेवला. त्यांची तसबीर भिंतीवर अन् छडी टेबलावर, हे आम्हां पालकांना मान्य नाही. उशिराचे कारण विचारल्यावाचून शिक्षा नको, ही मागणी आम्ही पालकसभेत लेखी देणार आहोत.