एक वर्ष थांबल्याचा फायदा

भाच्याला कुस्तीचा व्हिडिओ गेम घ्यायचा असला की विचारतो, "मामू, कोणता घेऊ?" मी त्याला दोन गेमची गोष्ट सांगतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२०' आला. वर्षानुवर्षे ही मालिका बनवणारी जपानची युक्स कंपनी बाजूला झाली होती, तरी दरवर्षीची तारीख गाठायचीच होती. परिणाम काय? पैलवानांचे चेहरे बिघडलेले, हातपाय भलतीकडेच वळलेले. १ जानेवारी २०२० उजाडला आणि नुसती तारीख बदलल्यामुळे गेम सुरू होईना! पुढच्या वर्षीचा गेम रद्द झाला.

मग मार्च २०२२ मध्ये '२के२२' आला. डाव टाकणे सोपे आणि चपळ झाले. रे मिस्टेरियोच्या जुन्या लढती खेळताना मध्येच खरे चित्रीकरण दिसते, ते तर मस्तच. स्वतःचा पैलवान घडवण्यात तासन् तास जातात. थांबल्याचा फायदा झाला, हे मान्य करावेच लागेल.

पण दोष आहेतच. ब्रॉन स्ट्रोमॅनला कंपनीने जून २०२१ मध्ये काढले, तरी गेममध्ये तो आहे. 'मायफॅक्शन' हा पत्ते जमवण्याचा प्रकार एकट्याने खेळायलाही इंटरनेट मागतो. जानेवारी २०२४ मध्ये सर्व्हर बंद झाले आणि तो प्रकारच संपला. दोन वर्षेही झाली नव्हती! लोकांनी पूर्ण पैसे मोजले होते.

म्हणून भाच्याला सांगतो, घाई करू नकोस. इंटरनेटशिवाय जेवढे चालते, तेवढीच गेमची खरी किंमत धर.