बियाण्याची कोठी गावातच राहू द्या

प्रति,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर



एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोष प्रकल्प मंजूर केला. मुदत पाच वर्षांची, तरतूद १७२ कोटी ३९ लाख रुपयांची. त्यातल्या सात विषयांमध्ये स्थानिक पीकवाण आहेत आणि काम मंडळाकडे सोपवले आहे. म्हणून हे पत्र मंडळाला.

अकोले तालुक्यात हे काम प्रकल्पाच्या आधीपासूनच उभे आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. घरातल्या आजारपणाचा संबंध त्यांनी बदललेल्या खाण्याशी जोडला आणि गावठी बियाणे जमवायला घेतले. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, शेतकऱ्यांची कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती झाली आणि २०२० मध्ये राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली.

या भागातल्या बाया बियाणे कसे धरतात ते मंडळाने शेतात जाऊन पाहावे. भात निसवले की त्या बांधावरून फिरतात. उंचीला, रंगाला, कुसळाला वेगळे दिसेल ते रोप उपटून टाकतात. उरलेल्यातल्या भरदार लोंब्या कापणीआधीच वेगळ्या काढतात. उन्हात वाळवलेल्या बियांत राख आणि निंबाचा पाला घालून मडके भरतात, तोंड शेणामातीने लिंपतात. कोणता वाण हळवा, कोणता गरवा, पावसाने ओढ दिली तरी काय हाती लागते, बाळंतिणीच्या पेजेला कोणता तांदूळ घ्यावा, हे सारे त्यांना तोंडपाठ असते. निरीक्षण, निवड आणि पुन्हा पेरून पडताळणी, हे दर हंगामात चालते. याला संशोधन म्हणायला हवे.

कायद्यात त्याला जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. हे काम रेंगाळले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. मुदतीच्या धाकाने नोंदवहीची पाने भरतात. पण ज्या बाईने वाण राखला तिला विचारायला वेळ लागतो, आणि तो वेळ द्यायलाच हवा.

प्रश्न ताटाचाही आहे. वरई आणि राळ्याचे टरफल चिवट. घरी कांडायचे तर उखळ-मुसळाशी तासन् तास झुंजावे लागते, आणि तेही शेतातून थकून आल्यावर. रेशनचा तांदूळ थेट शिजायला टाकता येतो. त्यामुळे वरईचे खाणे कमी होते, मग पेरा घटतो, आणि शेवटी वाण जातो. शीतगृहातला नमुना ही साखळी थांबवू शकत नाही.

आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळते. त्या ताटात शेजारच्याच शेतातली नागली, वरई, वाल पडले, तर आईला सकस अन्न मिळेल आणि पिकवणाऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक.

मंडळाकडे तीन मागण्या आहेत. पहिली, जनुक कोषात जाणाऱ्या प्रत्येक वाणाचे बियाणे गावच्या कोठीतही राहावे, दरवर्षी पेरले जावे, आणि ती कोठी चालवणाऱ्या बायांना त्या कामाचे मानधन मिळावे. दुसरी, नोंदवही बियाणे राखणाऱ्यांनी सांगावी, ग्रामसभेत वाचून दाखवली जावी आणि वाणापुढे तो राखणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लागावे. तिसरी, प्रकल्पाच्या पैशातून गावगटांना भरडधान्य सडण्याची छोटी यंत्रे द्यावीत आणि अंगणवाडीच्या खरेदीसाठी मंडळाने संबंधित विभागांशी स्वतः बोलावे.

येत्या खरिपात अकोल्यातल्या एखाद्या गावगटापासून सुरुवात करता येईल. किती वाण पेरले, किती धान्य सडले, किती अंगणवाडीत शिजले, याचा हिशेब सुगीनंतर त्याच ग्रामसभेपुढे मांडावा, ही विनंती.

कळावे,
एक नागरिक