साक्षीदार गेले, कागद तरी वाचवा

१० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या व कामेरीचे विष्णू बारपटे हुतात्मा झाले. एवढी माहिती भाषणांत नेमाने येते. पण मोर्चात कोणकोणत्या गावचे लोक होते, जखमींना कुणी घरात घेतले, तुरुंगात गेलेल्यांची सुगी कुणी काढली, असे विचारले की व्यासपीठ गप्प होते.

सांगणारी माणसे एकेक करून गेली. इंग्रजांना न जुमानता साताऱ्यात भूमिगतांनी प्रतिसरकार चालवले, त्याचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील १९७६ साली, नागनाथअण्णा नायकवडी २०१२ साली गेले. क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील सप्टेंबर २०२१ मध्ये आणि प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. आता त्यांच्या मुला-नातवांच्या ट्रंकांत जे काही असेल तेवढेच हाताशी आहे : पत्रे, फोटो, तुरुंगाचे दाखले, मोडीतली खतपत्रे. जुनी घरे पाडून स्लॅब पडत आहेत आणि माळ्यावरची गाठोडी रद्दीत जात आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णाकाठची घरे पाण्यात होती. पंचनाम्यात भांडी, धान्य, जनावरे लिहिली जातात. भिजलेल्या पत्रांना रकाना नसतो.

यातला खरा धोका वेगळाच आहे. भूमिगतांनी स्वतःचे फारसे लिहून ठेवले नाही, ठेवणे शक्यही नव्हते. पोलिसांनी मात्र सगळे लिहिले. घरातले कागद गेले, तर प्रतिसरकारचा इतिहास पुढच्या पिढीला ब्रिटिशांच्या फायलींतून वाचावा लागेल आणि तिथे आपली माणसे दरोडेखोर म्हणून नोंदलेली आहेत. भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या बायका तर त्या फायलींतही क्वचितच सापडतील. शिवाय त्या वेळी जिल्हा सातारा होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याचे नाव सांगली झाले ते १९६० मध्ये. म्हणजे वाळव्याचा कागद शोधायला साताऱ्यापासून सुरुवात करायची.

आयर्लंडला ही अद्दल जबर किमतीने घडली. प्रतिसरकारासारखीच तिथेही इंग्रजांच्या नाकावर टिच्चून लोकांनी स्वतःची न्यायालये चालवली होती. १९२२ च्या यादवीत डब्लिनचा दप्तरखाना जळाला आणि कित्येक शतकांच्या नोंदींची राख झाली. नंतर १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५० हजार शाळकरी मुलांनी घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून आपापल्या गावच्या कथा, जागा आणि चालीरीती वह्यांत उतरवल्या. १९४७ पासूनच्या दशकात सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या १७०० हून अधिक जणांच्या जबान्या नोंदवल्या. त्यात एकमेकांना खोडून काढणाऱ्याही होत्या, आणि त्या तशाच ठेवल्या. आपल्याकडे असे झाले असते तर निम्म्या जबान्या पुढाऱ्यांनीच दुरुस्त करून दिल्या असत्या!

इथे आपण काय केले? पुतळे उभारले, कमानी उभारल्या. इस्लामपूर शहराच्या नावावर वर्षानुवर्षे वाद घातला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने ईश्वरपूर हे नाव जाहीर केले. नावाच्या बाजूचे असोत की विरोधातले, गावाचे जुने दप्तर जपण्यासाठी कुणाचा मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. ज्या गावात संभूआप्पा-बुवाफन यांचा उरूस हिंदू-मुस्लिम दोन्ही समाज मिळून भरवतात, तिथल्या जुन्या मानपानाच्या आणि खर्चाच्या वह्या हा आपल्या नात्याचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. त्या कुणाच्या कपाटात आहेत, हे आज विचारायला हवे.

काम अवघड नाही. नगरपरिषदेने वाचनालयातली एक खोली, एक स्कॅनर आणि मोडी वाचणारा एक जाणकार द्यावा. मूळ कागद घरच्यांकडेच राहू द्यावा, नक्कल तेवढी घ्यावी. नाहीतर कुणी ट्रंक उघडणार नाही. वाटेगाव, कासेगाव, कामेरी, बहे, वाळवा इथल्या शाळांनी नववीच्या मुलांना या दिवाळीच्या सुट्टीत दुसरा गृहपाठ देऊ नये. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर वही घेऊन बसायला सांगावे. आणि वाचकहो, या आठवड्यात माळा साफ करायला काढलात, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ते गाठोडे एकदा सोडून पाहा.