सोडणं येतं, परत घेणं कधी?

‘आपल्यात कांदा-लसूण नाही, मग तुझं पोट कसं बिघडतं?’ बेळगावकडच्या आपल्या घरांत सुनांना हे हमखास ऐकावं लागतं. अहो, कांद्यातली जी कर्बोदकं आतड्यात आंबून वायू धरतात, तीच गव्हातही असतात. हरभरा, राजमा, दूध यांत त्यांचीच भावंडं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या आहारपद्धतीत असे पदार्थ २ ते ६ आठवडे बंद ठेवतात. मग एकेक थोडाथोडा परत घेऊन पाहतात. बाधेल तेवढंच टाळायचं.

आपल्या बायका पहिला भाग चोख करतात, दुसरा करतच नाहीत. आज गहू, उद्या दूध, परवा डाळ. शेवटी ताटात नुसता भात, आणि घरचे म्हणतात, ‘केवढा संयम!’ संयम कसला? ही उपासमार आहे. नियम घ्यावा तो आत्म्यासाठी, राजीखुशीनं. दुखण्याला त्यागाचं नाव देऊ नका. गहू सोडण्याआधीच डॉक्टरांकडून सिलिॲकची तपासणी करून घ्या. सोडल्यावर ती फसू शकते. नवऱ्याच्या पथ्याचा वेगळा स्वयंपाक आपण करतोच ना? मग स्वतःपुरत्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या थापायला संकोच कशाचा?